एक ते चार

पुण्यातील दुकाने दुपारी एक ते चार बंद असतात, हा विनोद मराठी माणसाने किमान दोन पिढ्या पुरवून पुरवून वापरला आहे. मुंबईकराने तो पुणेकराच्या आळसाचे लक्षण म्हणून सांगावा, पुणेकराने तो आपल्या बाण्याचे लक्षण म्हणून ऐकून घ्यावा आणि दोघांनीही खूश व्हावे, अशी त्याची सोय होती. २०१७ मध्ये चितळे बंधूंनी आपले दुकान दुपारीही उघडे ठेवायचे ठरवले, तेव्हा त्याची बातमी झाली आणि एखादे संस्थान खालसा झाल्याच्या थाटात ती वाचली गेली. या साऱ्या हास्यविनोदात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. बंद ठेवायला नेमके हेच तीन तास का निवडले असतील? ज्याने एप्रिल महिन्यात लक्ष्मी रस्त्यावरून भर दुपारी चालून पाहिले आहे, त्याला उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ते डोक्यावरच असते.

आम्ही दोघेही मूळचे अकोल्याचे. शिक्षण तिथले, नोकऱ्या पुण्यातल्या आणि बिऱ्हाड गेली काही वर्षे सूस येथे. आमच्या पुण्यातील सहकाऱ्यांना अकोल्याबद्दल एकच कुतूहल असते. वर्तमानपत्रात ‘अकोला ४५ अंश’ अशी ओळ आली की ते आमच्याकडे दुखवट्याला आल्यासारखे पाहतात आणि विचारतात, अशा उन्हात माणसे राहतात तरी कशी? खरे उत्तर असे आहे की, त्या उन्हात माणसे राहतच नाहीत. ती दुपार वगळून राहतात. ही वगळण्याची गोष्ट मात्र एकट्यादुकट्याला जमणारी नाही. तुम्ही दार लावून घेतले आणि शेजाऱ्याने हातोडी चालवली, तुम्ही पडलात आणि कचेरीने बोलावणे धाडले, तर कसली दुपार वगळता? सगळ्या गावाने मिळून, न बोलता, तसे ठरवलेले असावे लागते. लहान, उष्ण शहरात राहणे म्हणजे काय, असे आम्हांला कोणी नेटके विचारले तर आम्ही म्हणू की दुपारविषयी झालेल्या या करारात सामील असणे.

चैत्र लागला की अकोल्याचा दिवस दोन तुकड्यांत फुटतो. शाळा सकाळच्या होतात. भाजीबाजार उजाडताच भरतो आणि दहाच्या आत निम्मा उठतो. बारा-साडेबारापासून गांधी रोडवरची, टिळक रोडवरची शटरे अर्धी खाली येऊ लागतात. अर्धे शटर याचा अर्थ असा की, दुकानदार आत आहे, पण गिऱ्हाईक म्हणून येऊ नये. तहान लागली असेल तर यावे. एकानंतर रस्त्यावर जो माणूस दिसेल तो एक तर परगावचा किंवा वाईट बातमी घेऊन निघालेला, असे आमच्या लहानपणी समजले जाई. भर दुपारी दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवणे हा असभ्यपणाच होता. पाचच्या सुमारास दुकानांपुढे पाण्याचे शिंतोडे पडत, मातीचा वास उठे आणि दिवसाचा दुसरा तुकडा सुरू होई. तो रात्री दहा-साडेदहापर्यंत चाले. नंतर गच्च्या, अंगणे, बाजा, ओल्या चादरी. आजूबाजूच्या गच्च्यांवरचे बोलणे ऐकत झोपायचे. कोणाच्या मुलीचे कुठे ठरते आहे, हे गल्लीला आधी गच्चीवरच कळे.

सरकारनेही हा करार आपल्या परीने मान्य केलेला आहे. महाराष्ट्रातील शाळा साधारणपणे जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भातल्या त्यानंतर आठवडा-दोन आठवडे उशिरा, जूनच्या अखेरीकडे. एका राज्याच्या वेळापत्रकात उन्हासाठी ठेवलेली ही वेगळी जागा आम्हांला नेहमीच फार सभ्य वाटत आली आहे.

मराठीचे अध्यापक असल्यामुळे शब्दांकडे लक्ष जाणे ओघाने आलेच. पुण्याच्या वर्तमानपत्रांत उन्हाळ्याला एकच शब्द उरला आहे, ‘उकाडा’. वास्तविक उकाडा म्हणजे उकडणे, वाफेत शिजणे. तो किनाऱ्यावरचा, मुंबईचा. अकोल्यात जूनची पहिली सर येऊन गेल्यावर चार-आठ दिवस उकडते. त्याआधीच्या अडीच महिन्यांना इतर शब्द लागतात. वाऱ्याबरोबर अंगावर येते ती झळ. तापलेल्या भिंतीजवळून, तव्याजवळून जाताना लागते ती धग. आतून होते ती तलखी, आणि तिच्यात फारसीतल्या कडवटपणाची चव अजून आहे. अंगाची होते ती काहिली. गूळ करायच्या लोखंडी काहिलीशी या शब्दाचे नाते व्युत्पत्तीने काय ठरेल ते ठरो, सोसणाऱ्याला ते लगेच पटते. माणसावाचून पसरलेली असते ती रखरख. मेअखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की जे नऊ दिवस मोजले जातात तो नवतपा. ज्या गावाला दुपार चुकवायची असते, त्याला दुपारीही बाहेर काय काय आहे याची नावे ठाऊक असावी लागतात. उद्धव शेळके यांनी १९६० मधल्या आपल्या कादंबरीला ‘धग’ हे नाव दिले, ते वैदर्भीय वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. त्या कादंबरीतली धग दारिद्र्याची आहे हे खरे. पण शब्द ओळखीच्या भिंतीवरून उचललेला आहे.

घरांनाही हा करार पाळावा लागे. जुन्या घरांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या, मातीच्या. वर कवेलू, कवेलूंखाली लाकडी पाटणी. पाटणी आणि कवेलू यांच्यामधली हवा दिवसभर तापे आणि माजघर खाली अंधारात शाबूत राही. पुढे कूलर आला. त्याचे कवित्व अद्याप कोणी लिहिलेले नाही, ही मराठी साहित्याची उणीवच म्हणायची. मार्चमध्ये कूलर काढणे हा आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईइतका मोठा सोहळा असतो. पत्र्याची टाकी घासायची, गंज खरवडून रंग लावायचा, पंप चालतो का पाहायचे, जुनी ताटे काढून वाळ्याची किंवा लाकडी भुश्याच्या धाग्यांची नवी बसवायची. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. तिथे बोअरचे पाणी वापरले की महिन्याभरात ताट्यांवर मिठाचे पांढरे कवच चढते आणि वारा अडतो. म्हणून कूलरला गोडे पाणी हवे. शहराचे गोडे पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते आणि बहुतेक उन्हाळ्यांत रोज येत नाही. म्हणजे गारवा हवा तर पाणी साठवा, पाणी साठवायचे तर टाकी हवी, टाकी नाही त्याने शेजाऱ्याशी बरे ठेवावे.

कूलरचा आणखी एक गुण आम्हांला सूसला आल्यावर कळला. कूलरला खिडकी उघडी लागते. तो ओल्या ताट्यांतून कोरडी हवा ओढतो, ती गार होऊन खोलीत येते, आणि आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली घुसमटते. वातानुकूलन यंत्राचे नेमके उलटे. त्याला सगळ्या फटी बंद लागतात, आणि आतली उष्णता तो भिंतीबाहेर, म्हणजे शेजाऱ्याच्या गॅलरीत, नेऊन टाकतो. कूलरच्या गल्लीत दुपारभर सगळ्यांना सगळ्यांचे खोकले ऐकू येतात.

हे सगळे रम्य वाटू लागले असेल तर थोडे थांबावे. दुपार वगळण्याचा हक्क अकोल्यातही सर्वांना नव्हता. मालधक्क्यावरचे हमाल, जिनिंगमधल्या बाया, रस्त्यावर डांबर ओतणारे, सायकलरिक्षा ओढणारे हे त्या करारात कुठे होते? फार तर पाणपोई आणि अर्धे शटर एवढाच त्यांचा वाटा. दर उन्हाळ्यात दोन-चार माणसे रस्त्यावर कोसळून जात आणि पेपरात ‘उष्माघाताचा संशय’ अशी चार ओळींची नोंद येई. ती माणसे बहुधा वरच्या यादीतलीच असत. तरीही गाव थांबले की त्यांचीही गाडी थोडी थांबे. गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर रिक्षावाला लिंबाखाली आपल्याच रिक्षात झोपू शके. ज्या गावात दुपारीही गिऱ्हाईक असते, तिथे त्याला ही सवड कोण देणार?

आता सूसविषयी. पाषाणकडून येणारा रस्ता महामार्ग आणि सूसची खिंड ओलांडून खाली उतरला की गाव लागते. पुढे नांदे, लवळे. तालुका मुळशी, तालुक्याचे ठाणे पौड. मुळशी म्हटले की मराठी वाचकाला धरण आणि १९२१ चा सत्याग्रह आठवतो. पावसाची, भाताची, आंबेमोहराची अशीच या तालुक्याची ओळख. त्याच्या पूर्वेच्या टोकाला उन्हाविषयी लिहायची वेळ येईल असे पूर्वी कोणाला वाटले नसते. ३० जून २०२१ रोजी २३ गावे पुणे महानगरपालिकेत घेतली गेली, त्यांत सूस होते. ग्रामपंचायत गेली, मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाचीही मुदत संपली आणि पुढची काही वर्षे आम्ही प्रशासकांचे नागरिक होतो. गावठाणाभोवती बारा-बारा, वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. डोकी मोजली तर एखादे लहान शहर होईल एवढी माणसे इथे आहेत. पण ती लहान शहराची माणसे नाहीत. मोठ्या शहराची निजायची खोली आहे, एवढेच.

सूसची दुपार पाहण्यासारखी असते. दोन वाजता आमच्या फाटकावर टँकर लागलेला असतो. त्याच्यामागे सिमेंट कालवत फिरणारा अजस्र ट्रक. फाटकाच्या खिडकीशी जेवणाचे डबे, भाजी, औषधे, मोबाईलची कव्हरे घेऊन आलेली तीन-चार मुले नोंदवहीत नाव लिहिण्यासाठी उन्हात उभी. शाळेच्या बसा याच वेळेला. समोरच्या अर्धवट इमारतीवर बाराव्या मजल्यावर सळया वाकवल्या जात असतात. बिहार-झारखंडकडची मुले, डोक्याला गमछा, त्यावर पिवळे शिरस्त्राण. रखवालदार वाशीमकडचे आहेत. ते कान झाकून रुमाल बांधतात, त्यावरून आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी ओळखले. काचेच्या खिडक्यांवर ऊन आपटून समोरच्या इमारतीत शिरते, तिथून परत येते. हे सारे ४० अंशांत, कोणीही कुरकुर न करता चालते, कारण घरातल्या माणसांना बाहेर दुपार आहे हे ठाऊकच नसते. पडदे ओढलेले, यंत्रे सुरू. गावठाणातले एक किराणा दुकान तेवढे अजून दोन ते साडेचार बंद असते. नव्या वस्तीतली माणसे त्याला नावे ठेवतात. आम्ही तिथून सामान घेतो.

पुण्याच्या परिसरात उन्हाचे शिष्टाचार रुजले नाहीत, याला त्याच्या कीर्तीचाही हातभार आहे. पुण्याची हवा चांगली, असे दीडशे वर्षे सांगितले गेले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात इथे येऊन राहत. त्यासाठी गणेशखिंडीत वाडा बांधला गेला, तो १८७१ मध्ये पुरा झाला आणि आज तिथे विद्यापीठ आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीचे नावच ‘सिमला ऑफिस’ पडले. पेन्शनरांनी या कीर्तीवर शिक्कामोर्तब केले. पण गव्हर्नरसाहेब एप्रिल-मेमध्ये इथे नसत. ते महाबळेश्वरी असत. त्यांना पुण्याचा उन्हाळा चांगला ठाऊक होता. जुन्या पेठांतल्या लोकांनाही होता, म्हणूनच तर त्यांनी एक ते चार दुकाने बंद ठेवली. पुणे हे त्या काळी एक लहान, उष्ण शहरच होते आणि तसे वागत होते. मोठे झाले तेव्हा त्याला आपल्या या वागण्याची लाज वाटू लागली. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर असे तीन नमुने आपल्यापुढे ठेवले. अकोलेकर, सोलापूरकर, जळगावकर त्यांत नाहीत, याचे लहानपणी आम्हांला वाईट वाटे. आता वाटते, पुणेकरातच ते दडलेले होते.

२८ एप्रिल २०१९ रोजी पुण्यात ४३ अंश नोंदले गेले. एप्रिलमध्ये त्याहून वर पारा गेल्याची नोंद शोधायची तर १८९७ पर्यंत मागे जावे लागे. त्या दिवशी आमच्या अकोल्याच्या नातलगांनी फोनवर आमचे अभिनंदन केले.

खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या आम्ही एकदा मुद्दाम समजून घेतली. पठारी-मैदानी भागात तापमान किमान ४० झाले पाहिजे आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी अधिक असले पाहिजे. किंवा मग सरळ ४५ गाठले पाहिजे. अकोल्याची मे महिन्यातली सरासरीच ४२ च्या आसपास, म्हणून तिथे ४४ अंशांना लाट म्हणत नाहीत. पुण्यात ती त्याआधीच येते. व्याख्येत सवयीला असे अधिकृत स्थान मिळालेले पाहून आम्हांला समाधान वाटले. पण सवय म्हणजे कातडीची सवय नव्हे, एवढे त्यात लिहायचे राहिले. भिंती, वेळापत्रक, शेजार, कडी न वाजवण्याची रीत हे सगळे त्या सरासरीत धरलेले असते. ते काढून घेतले तर अकोल्याचा माणूस पुण्याच्या ४० अंशांतही आडवा होतो.

हे आम्ही तर्काने म्हणत नाही. आई (एकाची आई, दुसरीची सासू, ‘आई’ दोघेही म्हणतो) अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि अकोल्याच्या जुन्या घरात एकट्या राहतात. दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात त्यांनी पुण्याच्या चांगल्या हवेत यावे, असा सर्वांनीच आग्रह धरला आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्या सूसला आल्या. घर अकराव्या मजल्यावर, पश्चिमाभिमुख. तीननंतर ऊन सरळ बैठकीत येते आणि सिमेंटची भिंत ते रात्री बारापर्यंत परत देत राहते. आल्यावर तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “आमच्या अकोल्याले ऊन बाहीर राह्यते बाप्पा. तुमच्या अठी त ते घरातच येऊन बसते.” वातानुकूलित खोलीत त्यांना कोंडल्यासारखे होई; खिडकी उघडली की यंत्र निरुपयोगी. दुपारी त्या गॅलरीत उभ्या राहून खालचे टँकर पाहत आणि विचारत, “अठच्या लोकायची दुपार होतच नाही काय?” एके दिवशी वीज गेली, लिफ्ट बंद पडली. आम्ही दोघे महाविद्यालयात. संध्याकाळी परतलो तेव्हा त्या गादीवर निपचित पडलेल्या, ओठ कोरडे, शब्द जडावलेले. सलाईन लावावे लागले. डॉक्टरांना हसू आवरेना. अकोल्याहून येऊन पुण्यात ऊन लागले? त्या शुद्धीवर आल्यावर आम्ही विचारले, फोन का केला नाही? त्या म्हणाल्या, दुपारच्या वेळी कोणाला कशाला उठवायचे.

जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि आठवड्याभरात सातशेहून अधिक माणसे दगावली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने २००२ मध्ये त्यावर ‘हीट वेव्ह’ नावाचे पुस्तक लिहिले. त्याने शेजारशेजारच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या. गरिबी दोन्हींकडे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे प्रमाणही जवळपास सारखे. पण मृत्यू एकीत पुष्कळ, दुसरीत थोडे. थोडे जिथे, तिथे रस्त्यावर दुकाने होती, वर्दळ होती, म्हातारी माणसे घरातून उतरून त्या दुकानांत जाऊन बसत होती आणि न आली तर कोणाच्या तरी लक्षात येत होते. हे वाचताना आम्हांला अर्धे शटर आठवले. आईंच्या गल्लीत चार वाजता चहासाठी हाक मारली जाते. पाचपर्यंत दारापुढे पाणी पडले नाही, तर समोरच्या काकू पायऱ्या चढून येतात. सूसला आमच्या मजल्यावर चार घरे आहेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात त्यांच्यापैकी एकातही माणूस नसते. कोण कोणाची कडी वाजवणार?

तेव्हापासून आमच्यापुढचा प्रश्न बदलला. नातेवाईक विचारतात, म्हातारीला एकटीला तिकडे का ठेवता? घर विका, इकडे आणा. गिऱ्हाईकही आहे, गल्लीच्या तोंडाशी तीन मजली संकुल झाले, त्याच माणसाला आमची जागा हवी आहे. आम्ही दोनदा ‘हो’पर्यंत जाऊन थांबलो. ४५ अंशांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शरीर रीतीभातींवर किती दिवस तग धरेल, हे आम्हांला कळत नाही असे नाही. रात्रीही पारा तिशीच्या खाली फारसा उतरत नाही असे दिवस मेमध्ये येतात. तेव्हा मातीच्या भिंतीही हात टेकतात. शिवाय ती गल्ली पूर्वीची राहिलेली नाही. चौदा घरांपैकी सहांना कुलूप आहे. मुले पुण्याला, हिंजवडी, वाकड, बाणेर. त्यांतला एक आमच्याच मागच्या इमारतीत राहतो, हे आम्हांला दोन वर्षांनी लिफ्टमध्ये कळले, तेही त्याने फोनवर ‘काऊन बे’ म्हटले म्हणून. सूसच्या या इमारतींमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या गल्ल्यांचे किती तुकडे असतील, याचा हिशेब कोणी केलेला नाही. प्रत्येक तुकडा आपापल्या मजल्यावर, खिडक्या लावून. समोरच्या काकूही आता त्र्याहत्तरच्या आहेत, आणि त्यांचा मुलगाही त्यांना हेच विचारतो आहे. त्या गेल्या की चार वाजताची हाक गेली. म्हणजे आईंचे राहणे काकूंच्या राहण्यावर आणि काकूंचे आईंच्या राहण्यावर टेकलेले आहे, आणि ते दोघींनाही पक्के ठाऊक आहे. फोनवर त्या एकमेकींच्या मुलांविषयी ज्या स्वरात बोलतात, त्यावरून तरी आम्हांला तसे वाटते.

गेल्या वर्षी आम्ही सूसच्या घरासाठी कूलर घेतला. सोसायटीच्या नियमावलीत खिडकीबाहेर काहीही लावण्यास मनाई आहे. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेट्यांना ती लागू नाही, कारण त्यांच्यासाठी इमारतीच्या नकाशातच जागा आहे. पत्रव्यवहार झाला. शेवटी कूलर गॅलरीत, आतल्या बाजूला बसला, आणि टँकरच्या पाण्यावर तो चालवणे योग्य की अयोग्य यावर वार्षिक सभेत वीस मिनिटे चर्चा झाली. आक्षेप गैर नव्हता; दिवसाला बादल्याच्या बादल्या पाणी तो पितो. आम्ही स्वयंपाकघरातले धुण्याचे पाणी गाळून वापरू लागलो. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. वाळा आता पुण्यात सहज मिळत नाही, तो अकोल्याहूनच आणावा लागला. वाशीमच्या रखवालदारांनी तो वर चढवून दिला आणि खाली जाण्याआधी पाच मिनिटे त्यापुढे उभे राहिले. फाटकावर डबे घेऊन येणाऱ्या मुलांसाठी रांजण ठेवावा, असाही अर्ज आम्ही दिला आहे. रांजण कुठे ठेवायचा आणि तो कोणी धुवायचा, यावर तो अडला आहे.

खिंडीतून संध्याकाळी पश्चिमेचा वारा येतो. सहाच्या पुढे तो आला की सूस खरोखरच सुंदर असते, हेही लिहिले पाहिजे. टेकडीच्या कडेने माणसे फिरायला निघतात, गावठाणातल्या पारावर म्हातारे येऊन बसतात, आणि तासाभरापुरते इथे एक गाव असल्यासारखे वाटते. या पट्ट्यातल्या गावांच्या जत्रा चैत्र-वैशाखातल्या. शेते मोकळी असतात तेव्हाच्या. जत्रेच्या दिवशी दुपारी रस्ता बंद असतो, टँकर अडकतात, आणि नव्या इमारतींतून तक्रारी होतात. वर्षातून तेवढी एक दुपार सूसमध्ये सर्वांची एकत्र थांबते.

आई यंदाही मार्च ते जून अकोल्यातच राहिल्या. आम्ही दोघे आळीपाळीने मे महिन्यात तिकडे जाऊन राहिलो. परीक्षांच्या उत्तरपत्रिका माजघरात तपासल्या, चार वाजता समोर चहाला गेलो. पूर्वीच्या गव्हर्नरांप्रमाणे त्या आता पावसाळ्यात पुण्याला येतात. मृगाचा पाऊस लागला की कूलर निरुपयोगी होतो आणि खऱ्या अर्थाने उकडू लागते, तेव्हा त्या निघतात. सूसचा पाऊस त्यांना फार आवडतो. गॅलरीतून टेकडी हिरवी होताना त्या तासन् तास पाहतात. मुक्काम मात्र त्यांनी स्वतःच आखून ठेवला आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडींनी येते आणि राजराजेश्वराला वाहिले जाते. त्या रात्री त्यांच्या गल्लीत कोणी झोपत नाही. त्याच्या आधल्या शुक्रवारचे महाराष्ट्र एक्स्प्रेसचे तिकीट काढून ठेवा, असे त्यांनी आल्या दिवशीच सांगितले. खालचा बर्थ मिळाला आहे.